मदत हवी आहे: वृद्धाश्रमाच्या तपासणीबद्दल

आत्या सहा महिन्यांपासून वृद्धाश्रमात आहे, अंथरुणाला खिळलेली. परवा तिची कूस बदलताना माकडहाडापाशी लालसर जखम दिसली. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. कूस बदलल्याच्या नोंदीच्या तक्त्यावर रात्रभराच्या सह्या आहेत खऱ्या, पण सगळ्या एकाच पेनाने, एका दमात केल्यासारख्या! व्यवस्थापक म्हणतात, "सरकारी तपासणीत आमच्यावर एकही शेरा नाही." आधी कळवून आलेल्या तपासणीला काय दिसणार? त्या दिवशी चादरीसुद्धा नव्या असतात म्हणे.

तपासणीचा अहवाल नातेवाइकांना मागता येतो का? अचानक, तेही रात्री, तपासणी व्हावी म्हणून तक्रारीत नेमकं काय लिहावं? जखमेचा फोटो तारखेसह काढून ठेवलाय. आणि मुख्य म्हणजे, तक्रारीचा राग आत्यावर निघू नये म्हणून तुमच्यापैकी कोणी काय केलंत?