ग्रुपवरची चर्चा : क्लॅडिंग आणि छपराचे पत्रे धुण्याचं काम

सचिव : नमस्कार मंडळी. समोरचं क्लॅडिंग (दर्शनी भिंतीवर बसवलेलं आवरण) आणि मागच्या शेडचे पत्रे धुवून घ्यायचे आहेत. एक जण अ‍ॅसिड मारून, प्रेशर पंपाने झटपट करून देतो म्हणतोय. कोणाची हरकत असेल तर आजच सांगा.

गाळा ४ : माझी नाही. दर्शनी भाग पार काळवंडलाय. लवकर करा.

गाळा ११ : माझी आहे. अ‍ॅसिड अजिबात नको. पत्र्याच्या शेड उभारण्यात माझी हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छपराच्या पत्र्यावर आधी जस्ताचा थर असतो, त्यावर रंग. रंगाचा थर साधारण २०-२५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. अ‍ॅसिड जस्त खातं. समोरचं क्लॅडिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याला अ‍ॅसिड चालत नाही आणि कॉस्टिक सोडाही. वरून कितीही पाणी मारलं तरी सांध्यात शिरलेलं अ‍ॅसिड तिथेच राहतं आणि आतून काम करत बसतं. ब्लीच, थिनर, तारेचा काथ्या हेही नको. काथ्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि तिथेच गंज धरतो.

सौम्य, न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) डिटर्जंट, मऊ ब्रश आणि भरपूर साधं पाणी, एवढं पुरतं. आधी एका कोपऱ्यात थोडं करून बघायचं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, कारण तापलेल्या पत्र्यावर साबण वाळला की डाग पडतात. थोडा थोडा भाग घ्यायचा आणि लगेच धुवायचा.

गाळा ७ : काका, मग पंप वापरायचाच नाही का?

गाळा ११ : वापरा ताई, पण कमी दाबावर, पंख्यासारखी धार पडणारं नोझल लावून आणि अंतर ठेवून. धार वरून खाली. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे खालून वर धार मारली तर पाणी सरळ आत येतं. सांध्यांचं सिलिकॉन आणि स्क्रूखालचे रबरी वॉशर यांच्यावर रोखून धार मारली तर पुढच्या पावसात छप्पर गळणार.

आणि छज्ज्याखालचा भाग विसरू नका. पावसाने उघडे पत्रे आपोआप धुतले जातात. जिथे पाऊस पोचत नाही तिथे धूळ आणि क्षार साचून राहतात, गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. मी तर म्हणेन सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या.

गाळा ७ : माझ्या वरच्या पत्र्यावर तांबूस ठिपके आलेत. पत्राच गंजला का?

गाळा ११ : ठिपके ड्रिल मारलेल्या जागेच्या आसपास असतील तर तो बहुतेक ड्रिलचा कीस. दुकानाच्या नावाचा बोर्ड बसवला तेव्हा झाडून काढलेला नसणार. मऊ ब्रशने निघतो का बघायला सांगा. एसीचं पाणी पत्र्यावर पडतंय का तेही बघा. तांब्याच्या कॉइलवरून आलेलं पाणी जस्ताचा पत्रा खातं. ती नळी थेट पन्हळीच्या खाली सोडा.

सचिव : छपरावर आपला वॉचमन चढला तर चालेल? तो तयार आहे.

गाळा ११ : नाही, साहेब. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. उजेडासाठी मध्ये मध्ये फायबरचे पत्रे बसवलेत. वर्षानुवर्षांच्या धुळीने ते आता बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात. माणसाचं वजन त्यांना पेलत नाही. पाय पडला की माणूस थेट खालच्या फरशीवर. अशा पत्र्यातून पडून माणसं जिवानिशी गेलेली आहेत. काम सुरू व्हायच्या आधी खालून बघून त्यांच्या जागा नक्की करा. वर गेल्यावर त्यांना रेलिंग किंवा मजबूत झाकण हवं, नुसती खूण करून भागणार नाही.

चालायचं ते स्क्रूंच्या रांगेवरून, कारण पत्र्याला खालून आधार देणारा आडवा पर्लिन तिथेच असतो. साबणाच्या पाण्याने पत्रा भयंकर निसरडा होतो. पूर्ण अंगाचा हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) हवाच, आणि त्याची दोरी पन्हळीला किंवा पाइपला नाही, वजन घेणाऱ्या अँकरलाच, म्हणजे पक्क्या बसवलेल्या आधारालाच बांधायची. एकटा माणूस वर नको. कोणी हार्नेसला लटकला तर त्याला लगेच कसं उतरवणार हेही आधी ठरलेलं असू दे, फार वेळ लटकत राहणंसुद्धा जिवावर बेतू शकतं.

समोरच्या बाजूला शिडीवर उभं राहून ब्रश मारू देऊ नका. परांची किंवा मशीन लिफ्ट मागवा. वाऱ्याच्या दिवशी काम बंद.

गाळा ४ : माझी हरकत नाही हे मागे घेतो. दोन दिवस जास्त लागले तरी चालेल.

सचिव : बरं, त्या माणसाला नाही कळवतो. दुसऱ्याकडून काम कसं करणार, वर कोण जाणार, अँकर कुठे हे लेखी घेतो, विम्याचे कागदही बघतो. काम होईल त्या सकाळी समोर गाड्या लावू नका, खाली दोरी बांधणार आहोत. बोर्डांची लाइट कोण बंद करणार?

गाळा ७ : मेन स्विचची किल्ली माझ्याकडे असते. मी बंद करून कुलूप लावते, काम संपेपर्यंत किल्ली कोणालाच देणार नाही.