नवीन मायक्रोवेव्ह: जागा, पाणी आणि भांडी याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरात पहिल्यांदाच मायक्रोवेव्ह आलाय, कन्व्हेक्शनवाला, म्हणजे ओव्हनसारखं गरम हवेने भाजणारा मोडही असलेला. आई एकटी असतानाही वापरणार आहे, म्हणून सुरुवातीलाच सगळं नीट समजून घ्यायचंय.

आधी जागा. ओट्याजवळच्या कप्प्यात तो जेमतेम मावतो, पण मागे आणि वर हवा खेळायला काहीच उरत नाही. आतली गरम हवा बाहेर पडायलाच हवी, त्यामुळे मला कप्पा नकोच वाटतो. घरचे मात्र त्यावरच अडून बसलेत. कोणी कप्प्यात ठेवून वापरतंय का? कन्व्हेक्शनवर बाजूचं लाकूड किती तापतं? अर्थिंगचा स्वतंत्र पॉइंट घेणार, एक्स्टेन्शन बोर्ड नाही, एवढं ठरलंय.

आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो, तो काढायचा नाही हे कळलं. त्यावर तेलकट शिंतोडे उडाले तर पुसता कशाने?

सगळ्यात जास्त काळजी पाण्याची. गुळगुळीत कपातलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसतं आणि हलवल्याबरोबर एकदम उसळून हात भाजतो. कपात लाकडी चमचा ठेवला की धोका कमी होतो म्हणतात. तुम्ही काय करता? मला तर आईने पाणी गॅसवरच तापवावं असं वाटतं.

आणि भांडी! धातूचा केकचा डबा कन्व्हेक्शनला चालतो, मायक्रोवेव्हला नाही. मायक्रोवेव्हला चालणारं प्लॅस्टिक कन्व्हेक्शनमध्ये वितळतं. आईचा गोंधळ होऊ नये म्हणून दोन्हींची भांडी वेगळी कशी ओळखायची? खुणा, चिठ्ठ्या, काहीही सुचवा.