मेणबत्ती हातानं सरकवून बघितली का?
शिकवणी परवडणारी मुलं जिथे जास्त, त्या शाळा विज्ञानात पुढे, असं एक मत आहे. ते पटतं, पण मला प्रयोगशाळा त्याहून महत्त्वाची वाटते. आमच्या शाळेत तिला वर्षभर कुलूप असायचं. दहावीला विज्ञानाचे लेखी पेपर 40-40 गुणांचे, प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 शाळेच्याच हातात, त्यामुळे एकमेकांची जर्नल उतरवली की भागायचं. मग बहिर्गोल भिंगाची किरणाकृती आली की आम्ही पाठ केलेल्या रेषा मारायचो. वस्तू भिंगाच्या नाभीच्या (समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात त्या बिंदूच्या) आत आली की पडद्यावर प्रतिमा मिळतच नाही, हे मेणबत्ती स्वतः सरकवून पाहिलेलं मूल विसरत नाही. शिवाय गणिताच्या सरांकडेच विज्ञान सोपवलं होतं, त्यामुळे जीवशास्त्राचे धडे ‘घरी वाचा’वर जायचे.