मांगाकारांचं टोपणनाव: गरज की प्रकाशकाची सोय?

शाईदौत
मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणारे कित्येकजण खरं नाव आणि चेहरा लपवतात. 'किमेत्सु नो याइबा'चे कोयोहारू गोतोउगे वाचकांपुढे येतात ते चष्मा लावलेल्या मगरीच्या रूपात. 'फुलमेटल अल्केमिस्ट'च्या हिरोमु अराकावा स्वतःला चष्मेवाली गाय काढतात. 'डेथ नोट'चे लेखक त्सुगुमी ओहबा नेमके कोण, हे २००३ पासून गुलदस्त्यातच आहे. यावर "जपानी माणूस मुळातच लाजाळू" असं सर्रास सांगितलं जातं. मला ते साफ अमान्य आहे.

'कुरोको नो बास्के' या मांगाचं प्रकरण बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये लेखक तादातोशी फुजिमाकी जिथे शिकले त्या सोफिया विद्यापीठात धमकीचं पत्र आलं. मग वर्षभर त्या मांगाचे कार्यक्रम किंवा विक्री असलेली सभागृहं, दुकानं आणि आयोजकांना पत्रं येत राहिली. कार्यक्रम रद्द झाले, दुकानांनी माल काढून टाकला. डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी साडेचार वर्षांची शिक्षा. आरोपीचा लेखकाशी कसलाही संबंध नव्हता, होता तो त्यांच्या यशाचा मत्सर. लेखक कुठे शिकला एवढी माहिती त्याला पुरली.

प्रूफवाला
एका प्रकरणावरून सगळ्यांना मुखवटा घालायला लावू नका. जुन्या पिढीतले नामवंत मांगाकार ओसामु तेझुका टोपी घालून टीव्हीवर दिसायचे. बाईचं नाव दिसलं की मुलगे वाचत नाहीत, हेही कारण पुढे केलं जातं. रुमिको ताकाहाशी यांनी १९७८ पासून मुलांच्या साप्ताहिकात स्वतःच्या नावाने लिहिलं, आणि मुलांनी ते डोक्यावर घेतलं.

शिवाय टोपणनावाची किंमत लेखकच मोजतो. जपानी कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण मिळतं. निनावी किंवा टोपणनावाच्या कामाला मात्र प्रकाशनापासून ७० वर्षं. पंचविशीत छापलं आणि पंच्याऐंशीपर्यंत जगलात, तर साठ वर्षं गेली पाण्यात.

शाईदौत
अर्धंच सांगितलंत. टोपणनाव कोणाचं हे सर्वश्रुत असेल तर मृत्यूपासूनचीच मुदत लागते.

प्रूफवाला
सर्वश्रुत असेल तर! ओहबांसारख्यांचं काय? खऱ्या नावाची नोंदणी करता येते, फी ९,००० येन. पण ती नोंद सांस्कृतिक व्यवहार विभाग जाहीर करतो. म्हणजे हक्क वाढवायचा तर ओळख उघड करायची.

कागदकात्री
तुम्ही दोघं शिखरावरच्या लोकांबद्दल बोलताय. नाव लपवण्याची खरी निकड दोजिनशी, म्हणजे स्वतःच छापून विकायचे हौशी अंक, काढणाऱ्यांना असते, आणि त्यातले पुष्कळजण नोकरदार. राष्ट्रीय सेवेतल्या सरकारी कर्मचाऱ्याला जोडधंदा करायचा तर सेवा कायद्याची कलमं १०३ आणि १०४ आडवी येतात, स्थानिक सेवेत तिथल्या कायद्याचं कलम ३८. खासगी कंपनीतही नियमावली बघावी लागते.

ऑफिसला सुगावा बहुधा रहिवासी करातून, म्हणजे एकूण उत्पन्नावरच्या स्थानिक करातून, लागतो. तो पगारातून कापला जातो, आणि पगाराच्या मानाने रक्कम जास्त आली की हिशेबनीसाच्या भुवया उंचावतात. म्हणून विवरणपत्रात पगाराव्यतिरिक्तच्या उत्पन्नासाठी 'स्वतः भरणार' हा पर्याय निवडायचा. इथे बरेचजण फसतात: जोड उत्पन्न दोन लाख येनच्या आत असेल तर नोकरदाराला सहसा आयकराचं विवरण लागत नाही, पण रहिवासी कराचं लागतंच.

बाकी खरं नाव फुटतं ते साध्या जागी. वाचकाला बँकेत पैसे भरायला सांगितलं की त्याला खातेदाराचं खरं नाव दिसतं. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो, म्हणून 'बूथ'सारख्या ऑनलाइन विक्रीच्या साइटची निनावी पोचवणी वापरतात. अंकाच्या शेवटच्या पानावर संपर्क द्यावाच लागतो. पूर्वी तिथे सरळ घरचा पत्ता छापायचे, आता त्यासाठी वेगळा ईमेल काढतात. स्वतः ऑनलाइन दुकान थाटलं तर विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन देणं कायद्याने आलं. पत्ता-फोनच्या जागी प्लॅटफॉर्मचा चालू शकतो, नावाला पळवाट नाही.

प्रूफवाला
हे मान्य. पण यात संस्कृती कुठे आली? ही तर कर आणि नोकरीच्या नियमांची गोष्ट झाली.

कागदकात्री
तेच तर म्हणतेय! आणि नियमच आता उलटे फिरलेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून उपभोग करासाठी (विक्रीवरचा कर) इन्व्हॉइस पद्धत आली, म्हणजे नोंदणी केलेल्याच्या बिलावरच खरेदीदाराला त्या कराची पूर्ण वजावट. नोंदणी केली की 'टी' आणि तेरा अंकांचा क्रमांक मिळतो. बिलावर टोपणनावाशेजारी तो क्रमांक छापला आणि कोणी कर खात्याच्या साइटवर टाकला, की खरं नाव समोर. व्यवसायाचं नाव जोडता येतं, पण खऱ्या नावाऐवजी टोपणनाव ठेवता येत नाही. नोंदणी टाळली तर प्रकाशकाला कराची पूर्ण वजावट मिळत नाही, मग तो मानधन कापायला बघतो. वर्षाला एक कोटी येनच्या आत विक्री असलेल्या छोट्या चित्रकारांची यात पुरती कोंडी झाली. त्यांनी आणि ध्वनिकलाकारांनी उघड विरोध केला, तो उगीच नाही.

शाईदौत
आपल्याकडे कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे शाळकरी पोरालाही ठाऊक, आणि त्याने कोणाचं बिघडत नव्हतं. तिथे साप्ताहिकाच्या लेखकाला आठवड्याला एकोणीस-वीस पानं द्यायची असतात. दाराशी वाचक उभा राहिला तर तो अंक बुडतो. म्हणून पत्रं प्रकाशकाच्या पत्त्यावर जातात आणि तिथे उघडून तपासली की पुढे पाठवतात.

प्रूफवाला
मग ती जबाबदारी प्रकाशकाने करारात लिहून द्यावी. नाव फुटलं तर वकील कोणाचा, स्थलांतराचा खर्च कोणाचा? मगरीचं चित्र छापून ते काम होत नाही.

कागदकात्री
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. प्रकाशकाकडे खरं नाव, बँक खातं आणि माय नंबर (सरकारी ओळखक्रमांक) तिन्ही असतात, मानधनातून १०.२१ टक्के कर तोच कापतो. ही फाइल संपादकांपैकी कोणाला उघडता येते, एवढं तरी करारात हवं.