नियम नसलेल्या तीन एकरांविषयी

धंतोलीकर
काल ‘पांथस्थ’ यांनी येथे लिहिले की ते आणि त्यांचे चार मित्र काटोल रस्त्याला तीन एकर जमीन घेत आहेत. तेथे कोणी प्रमुख नसेल, पदे नसतील, नियमही नसतील आणि ‘समाजाची उतरंड आम्ही फाटकाबाहेर ठेवू’. त्यावर झालेला अभिनंदनाचा वर्षाव पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. प्रमुख नसणे ही एक गोष्ट आणि नियम नसणे ही अगदी निराळी. गडचिरोली जिल्ह्यातील ज्या मेंढा-लेखा गावाचा दाखला त्यांनी दिला, तेथे ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आहे हे खरे. पण तेथे एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबवतात, विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो, आणि २०१३ मध्ये गावाचे ग्रामदान झाले, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे गेली, तेही १९६४ च्या ग्रामदान कायद्याची कलमे पाळूनच. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात, म्हणजे विनोबांच्या आश्रमात, १९५९ पासून भगिनींचा समुदाय सर्वसंमतीने चालतो, पण ‘ज्याला जे वाटेल ते’ असे तेथे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. जेथे नियम ठरलेले नसतात तेथे ज्याचा आवाज मोठा आणि ज्याच्या नावावर बँकेचे खाते, त्याचे राज्य चालते. शिवाय त्याला जाब विचारता येत नाही, कारण कागदोपत्री तो कोणीच नसतो.

पांथस्थ
आपण कधी वरिष्ठाच्या मर्जीवर जगला नाहीत, असे आपल्या लिखाणावरून दिसते. मी ज्या कार्यालयात उमेदीची वर्षे घालवली, तेथे वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी केलेला रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला, कारण साहेब कोणत्यातरी भलत्याच कारणावरून नाराज होते. नियम सगळे होते, छापील होते, पुस्तकात होते. तेव्हा नियमांमुळे माणूस सुरक्षित राहतो हे मला कृपया शिकवू नये. पाच समजूतदार माणसे एकमेकांशी बोलून राहू शकत नाहीत, हे आपण आधीच कसे ठरवले?

इंदोऱ्याचा वाचक
तुम्हा दोघांनाही सर्वसंमतीचे भारी कौतुक दिसते. आमच्या आजोबांच्या गावात सगळे निर्णय सर्वसंमतीनेच होत असत, आणि आमच्या वस्तीने कोणत्या विहिरीचे पाणी भरायचे नाही हा निर्णयही त्यातलाच होता. आजोबा गाव सोडून नागपूरच्या गिरणीत आले. तेथे साहेब होता, मुकादम होता, भोंगा होता, म्हणजे उतरंड पुरेपूर होती. तरी ते शेवटपर्यंत म्हणत की मोकळा श्वास येथे घेतला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे सुनावले ते येथे पुन्हा सांगायची गरज नसावी. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाची आठवण द्यावीशी वाटते, कारण त्यात त्यांनी भिक्खुसंघाचे उदाहरण दिले होते: ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती असावी, मतदान कसे घ्यावे, याचे नियम संघाला ठाऊक होते. घरदार, जात, मालमत्ता सोडून निघालेल्या माणसांनाही मोजून मत घ्यावे लागले. आपण पाच मित्र त्यांच्याहून विरक्त आहात काय?

खामल्याची मावशी
संघाचे उदाहरण देताना ते पूर्ण द्यावे, ही विनंती. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या ग्रंथात, भिक्खुणींसाठी जे आठ गुरुधर्म (नियम) आहेत त्यांपैकी पहिला असा की उपसंपदा (पूर्ण दीक्षा) घेऊन शंभर वर्षे झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला उठून वंदन करावे. आजच्या इस्रायलमध्ये १९१० साली देगानियापासून किबुत्झ, म्हणजे सामूहिक वसाहती, सुरू झाल्या. मालकी सामाईक, जेवणघर सामाईक, मुलेसुद्धा वेगळ्या बालगृहात वाढवलेली, आणि तरीही स्वयंपाकघर, धुलाई आणि मुलांची देखभाल हळूहळू बायकांकडेच आली. मी स्वतः एकत्र कुटुंबात नांदले आहे. ‘आमच्याकडे कोणी मोठा-लहान नाही’ असे सासरे पाहुण्यांना अभिमानाने सांगत, आणि ते सांगत असताना पोळ्या करणारी मी असे. तीन एकरांत पाचही पुरुष आहेत, असे गृहीत धरू ना? पोळ्या कोण करणार, एवढेच सांगावे.

इंदोऱ्याचा वाचक
गुरुधर्मांचा मुद्दा मान्य करावा लागतो. ते मुळात बुद्धवचन आहे की नंतरची भर, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण आपण आज मला सोडणार नाही असे दिसते.

माजी सेक्रेटरी
एवढ्या दूर जायला कशाला हवे? आमच्या फ्लॅट स्कीममध्ये हा प्रयोग होऊन गेला आहे. ‘सगळेच मालक, मग सेक्रेटरी कशाला’ असे म्हणून मला पायउतार करण्यात आले. ऐन मे महिन्यात बोअरची मोटार जळली. दोन दिवस प्रत्येकाला वाटत राहिले की दुसऱ्याने मेकॅनिकला फोन केला असेल. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थाने पदरचे पैसे घालून टँकर मागवला, आणि त्या रात्री जिन्यात चर्चा काय, तर टँकरवाल्याकडून त्याला कमिशन मिळाले असणार!

तळमजला
मी त्याच स्कीममध्ये राहतो, म्हणून उरलेली हकीकत सांगणे माझे कर्तव्य आहे. सेक्रेटरी महोदयांना पायउतार का केले, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले. त्यांच्या कारकिर्दीत त्यांच्या गच्चीवरच्या दोन्ही कूलरला थेट टाकीतून पाइप जोडलेला होता, आणि इतरांनी बादलीने पाणी भरावे असा नियम होता. तो नियमही त्यांनीच केलेला होता.

माजी सेक्रेटरी
तो पाइप बिल्डरने जोडून दिला होता, हे मी बैठकीत कागद दाखवून सिद्ध केले आहे. आपण बैठकीला आला असता तर कळले असते. देखभालीचे पैसे थकवणाऱ्याने कूलरवर बोलू नये.

तळमजला
पैसे थकवले नाहीत, हिशेब मिळेपर्यंत रोखले. या दोन्हींतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती टाकीची किल्ली होती, हेच आमचे दुर्दैव.

धंतोलीकर
आपल्या टाकीचा निवाडा आपण जिन्यातच करावा. मात्र माझा मुद्दा याहून चांगला मला मांडता आला नसता: पद होते तेव्हा निदान कोणाला काढायचे ते माहीत होते, पद गेल्यावर संशय तेवढा उरला.

निवृत्त वनपाल
मेंढ्याचे गोडवे गाणाऱ्यांना दुसरी बाजूही कळावी. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला लागणारी टीपी (वाहतूक परवाना) आमच्या खात्याने दिली नाही, आणि शेवटी २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन वाहतूक परवान्याचा प्रश्न मिटवावा लागला. आमची त्या काळात खूप बदनामी झाली. आम्हाला वरून आदेश नव्हता. आदेशाशिवाय टीपी कशी देणार? पण ज्यांना उतरंड नको होती त्यांचा बांबू उतरंडीच्या सर्वांत वरच्या माणसानेच सोडवला, याकडे कोणी लक्ष देत नाही. बाकी ग्रामसभेचा हिशेब आमच्या डेपोपेक्षा चोख होता, हे मात्र नाइलाजाने सांगतो.

पांथस्थ
‘वरून आदेश नव्हता’ या तीन शब्दांत आपण माझे अर्धे काम केलेत, त्याबद्दल आभार. मावशींना उत्तर: पोळ्यांची पाळी लावू. होय, पाळी हा नियमच झाला. आनंद मानून घ्यावा. संडास सफाईचीही पाळी राहील, कारण सेवाग्रामात आश्रमवासी ते काम स्वतः करीत आणि आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. परंतु अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष हे होणार नाही म्हणजे नाही.

धंतोलीकर
सेवाग्रामात पाळ्या होत्या आणि बापूही होते, हे विसरू नये. असो. एकच विचारतो: सातबाऱ्यावर कोणाची नावे लागणार?

पांथस्थ
आपण मुद्दाम विचारलेत हे कळते. विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. आमच्यापैकी दोघांचीच घरची शेती आहे, म्हणून खरेदीखत त्या दोघांच्या नावे होईल. इतर तिघांशी आमचा तोंडी समझोता आहे.

इंदोऱ्याचा वाचक
म्हणजे दोन जमीनदार आणि तीन कुळे. फाटकही अजून लागलेले नाही.

पांथस्थ
कुळांना निदान कायद्याचे संरक्षण असते, असे आमच्यातला एक जण काल म्हणालाच. वकिलाकडून करारनामा करून घेऊ. त्यात पोळ्यांचे कलमही घालू.

खामल्याची मावशी
करारनाम्यावर सह्या झाल्या की येथे टाकावा. आणि सफाईच्या पाळीत पहिले नाव त्या दोन सातबाराधारकांचे असावे, मग आठवडाभर मीही राहायला येईन.