गडकरी मंडळ बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

महालकर:
परवा आपल्याच एका सभासदाने लिहिलं, 'नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं मंडळ आता विसर्जित करावं. दर २३ जानेवारीला, पुण्यतिथीला, त्याच पांढऱ्या डोक्यांनी फोटोला हार घालायचा, आलूपोहा खायचा आणि घरी जायचं, याला वारसा म्हणत नाहीत. शिल्लक रक्कम विदर्भ साहित्य संघाला देऊन मोकळं व्हावं.'

दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. साहित्य संघ १९२३ पासून अख्ख्या विदर्भाचा पसारा सांभाळतोय. एका लेखकाला वर्षभर धरून बसणं हे त्याचं काम नाही, ते आपलं. गडकरी गेले १९१९ साली, तेही आपल्या नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, सावनेरला. वय जेमतेम ३३. 'भावबंधन' तिथेच पूर्ण केलं, 'राजसंन्यास' अर्धवट राहिलं. त्यातल्या संभाजीराजांच्या चित्रणावरून पुण्यात २०१७ च्या जानेवारीत त्यांचा पुतळा नदीत फेकला गेला, तेव्हा बाजूने आणि विरोधात ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते अर्धवट नाटक उघडून पाहिलं होतं? हे वाचून घ्यायचं काम कोण करणार? हार घालणं बंद करा, मी पहिला हात वर करतो. मंडळ कशाला बंद करता?

धरमपेठ_७२:
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही त्यावर ठाम आहे. महालकर, तुम्ही भाषणं छान करता. मागच्या वाचनाला तुमच्या स्वतःच्या घरातलं कोण आलं होतं? तरुण येत नाहीत कारण त्यांना ती भाषा झेपत नाही. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, त्यात कोट्यांवर कोट्या. ज्या लेखकाला वाचक उरला नाही, त्याच्या नावाने वर्गणी मागायची मला लाज वाटते.

बर्डीचा_संवादिनीवाला:
वाचक नाही म्हणता? नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवा, खुर्च्या कमी पडतील. 'एकच प्याला'ची पदं लागली की आजही लोक माना डोलावतात. गडकरी टिकले ते संगीतामुळे. वाचन-बिचन सोडा, दर तीन महिन्यांनी मैफल करा, मंडळ आपोआप उभं राहील.

निवृत्त_मास्तर:
इथेच माझा संताप होतो. 'एकच प्याला'ची पदं गडकऱ्यांची नाहीतच! ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकरी गेल्यावर नाटक रंगमंचावर आलं. म्हणजे गडकऱ्यांच्या पुण्यतिथीला आपण गुर्जरांची पदं गाऊन घेतो, गुर्जरांचं नाव पत्रिकेत नाही आणि गडकऱ्यांचा एक संवादही कुणी म्हणत नाही. दोघांवरही अन्याय.

बर्डीचा_संवादिनीवाला:
मास्तर, हे मला शिकवू नका. गुर्जर कोण ते मला ठाऊक आहे. पण नाटक कुणाचं? प्रसंग कुणाचा? सिंधू, ती दारुड्या नवऱ्यापायी सोसणारी बायको, उभी केली कुणी? गडकऱ्यांनी. बालगंधर्व गायले ती सिंधूच. पद प्रसंगातून वेगळं काढता येतं का?

निवृत्त_मास्तर:
तुमच्या मैफलीत तर तेच होतं! प्रसंग गायब, फक्त ताना. सिंधू का रडते हे समोरच्या पोराला ठाऊक नसतं.

बर्डीचा_संवादिनीवाला:
तुम्हाला संगीताचाच राग आहे, असं स्पष्ट बोला ना. शाळेत पण गाण्याचा तास काढून व्याकरण घ्यायचे तुम्ही.

महालकर:
दोघेही जरा थांबा. घरच्या गोष्टी इथे नकोत.

सावनेरची_सून:
पदांवरून भांडून राहिले तुम्ही, मी एक सांगते. आमच्या बचत गटात मागच्या पावसाळ्यात मी 'एकच प्याला'तला दळणाचा प्रवेश वाचला. सिंधू दुसऱ्यांचं दळण दळून घर चालवते तो. बायका गोल करून बसल्या होत्या, कुणी शेंगा फोडत होत्या, कुणाच्या मांडीवर पोर. सुरुवातीला कोणी नीट ऐकत नव्हतं. मग शेंगांचा आवाज बंद झाला. आमच्यातल्या तिघींच्या घरी तळीराम आहे, नाव वेगळं असेल. वाचून झाल्यावर एक जण चिडून म्हणाली, 'ही बाई निघून काहून नाही गेली माहेरी? भाऊ चांगला होता ना तिचा?' दुसरी म्हणाली, 'तू गेली का?' त्यावर असं भांडण पेटलं की स्वयंपाकाला उशीर झाला. सिंधूचं सोसणं मलाही पटत नाही, राग येतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकावर आमच्या बाया आज भांडतात. भाषा झेपत नाही म्हणणाऱ्या काकांनी एकदा या. जड वाक्यं मी गाळली होती, अर्थ कुणाचा अडला नाही.

धरमपेठ_७२:
ताई, गाळून वाचलं म्हणजे गडकरी वाचले का? त्यांची भाषा हेच तर गडकरी.

सावनेरची_सून:
आत्ताच तर म्हणत होते भाषा झेपत नाही. एक काहीतरी ठरवा.

निवृत्त_मास्तर:
गाळणं मलाही पसंत नाही. पण तिने ऐकणारे मिळवले, ते आपल्याला जमलं नाही. पुढच्या वेळी 'बाळकराम'मधला ठकीच्या लग्नाचा लेख न्या. तो गाळावा लागणार नाही. आणि गडकऱ्यांच्या लेखनावर आता कुणाचा हक्क नाही, लेखक गेल्यावर ६० वर्षांनी तो संपतो. सोळा पानी पुस्तिका आपण खुशाल छापू शकतो.

हिशेबनीस_मानेवाडा:
छापाल कशातून? मंडळ चालवायचं की मोडायचं यावर इतकं लिहिलं, पण कागदाचं कुणी बोललं नाही. अध्यक्ष वारले, एक विश्वस्त मुलाकडे बंगळुरूला गेले. विश्वस्त बदलले की तशी नोंद करायला धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, तो आपण दिलाच नाही. बँकेत जुन्या सह्या, म्हणून खातं अडकलंय. वाचनालयाच्या कपाटाचं भाडं मी खिशातून भरतोय. आणि विसर्जन म्हणजे पैसे उचलून कुणालाही देणं नव्हे, त्याला सभासदांपैकी ३/५ मतं लागतात. धरमपेठकर, सभेला गणसंख्या होत नाही, ती मतं कुठून आणाल? मंडळं लेखक जुना झाला म्हणून मरत नाहीत. सचिवाच्या घरातली पिशवी दुसऱ्याच्या घरी जात नाही, म्हणून मरतात. आपल्या पिशवीत इतिवृत्ताची वही, शिक्का आणि पावतीपुस्तक आहे. ती घ्यायला कोण येतं?

सावनेरची_सून:
मी येते. पण महिन्याचं वाचन नागपुरात एकदा, सावनेरला एकदा. हे मान्य असेल तरच.

धरमपेठ_७२:
विसर्जनाचं माझं म्हणणं मागे घेत नाही. एक वर्ष बघू. बदल अर्जावर सही लागली तर करीन, वर्गणी मात्र वाचन झाल्यावर.

महालकर:
चालेल. अर्ज आधी, कार्यक्रम नंतर.

बर्डीचा_संवादिनीवाला:
सावनेरला पेटी घेऊन मी येईन. तिने प्रवेश वाचावा, त्याच जागी मी पद म्हणीन, तानांशिवाय. मास्तरांनी समोर बसावं.

निवृत्त_मास्तर:
बसेन. पत्रिकेत गुर्जरांचं नाव छापा.