बेन जॉन्सन गेला ते सोडा, रॅग्नो गेला त्याचं काय?

नोव्हीकर | ९ जुलै २०२५, रात्री १०:४०

मंडळी, मोसमाआधीच्या सराव कॅम्पला अजून दहाएक दिवस आहेत आणि इथे डेट्रॉइटात सगळ्यांच्या तोंडी एकच रडगाणं आहे. बेन जॉन्सन गेला, ॲरन ग्लेन गेला, लायन्सचं, म्हणजे आमच्या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचं, आता कठीण आहे. गाडीत रेडिओ लावावा तर तेच, ऑफिसात कॉफी घ्यायला जावं तर तेच. परवा ट्रॉयला एका मुंजीला गेलो तर बटूच्या मामानेही तेच ऐकवलं, आणि मामा आला होता डॅलसहून! १९९६ च्या जानेवारीनंतर डॅलसवाल्यांनी सुपर बोलचं (लीगच्या फायनलचं) तोंड पाहिलेलं नाही, पण सल्ला द्यायला सगळ्यांच्या पुढे.

धक्का बसला हे मीही मानतो. १५-२ असा मोसम, मग १८ जानेवारीला घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५-३१ असा मार, आणि ती जखम ओली असतानाच ऑफेन्सचा (चढाईचा) कोऑर्डिनेटर जॉन्सन शिकागोचा हेड कोच झाला, डिफेन्सचा (बचावाचा) कोऑर्डिनेटर ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचा. त्यांच्या जागी जॉन मॉर्टन आणि केल्व्हिन शेपर्ड. मॉर्टन २०२२ मध्ये इथेच होता, शेपर्ड तर आपलाच लाइनबॅकर्सचा कोच. घरातलीच माणसं. ठीक आहे, निभेल.

माझ्या पोटात गोळा आला तो २ जूनला. आमच्या सेंटरने, फ्रँक रॅग्नोने, निवृत्ती जाहीर केली. वय २९. हा तो माणूस, ज्याच्या घशातली कूर्चा २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध मोडली तरी खेळत राहिला. गेल्या वर्षी छातीचा स्नायू अर्धवट फाटला, तर एकच गेम बाहेर बसला. रेडिओवाले दोन दिवस हळहळले आणि पुन्हा बेन जॉन्सनवर आले.

मला हे कळत नाही. गेल्या मोसमात आपण ५६४ पॉइंट केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. ते काय नुसते जॉन्सनच्या कागदावर झाले? पुढे समोरच्यांना अडवणारी पाच धिप्पाड माणसं, म्हणजे आपली लाइन, उभी होती म्हणून झाले. त्यातला रॅग्नो गेला, उजवा गार्ड केव्हिन झाइटलर टेनेसीला गेला. मधल्या तिघांत (सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड) उरला ग्रॅहम ग्लॅस्गो, आणि तो गेल्या वर्षी डाव्या गार्डला चाचपडतच होता. या सगळ्यांच्या मागे उभा आपला क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा जॅरेड गॉफ. त्याला हातपाय पसरायला जागा द्या, कोणाचाही डिफेन्स फाडेल. गेल्या वर्षी ४,६२९ यार्ड आणि ३७ टचडाउन केलेच की. पण मधूनच कोणी अंगावर आला तर गॉफ पळणार कुठे? पळणं त्याच्या पत्रिकेतच नाही.

तर सांगा. ग्लॅस्गोला सेंटरला सरकवावं (पूर्वी तो तिथे खेळलाय), की ड्राफ्टच्या (कॉलेजमधून नवे खेळाडू निवडायच्या) दुसऱ्या फेरीत घेतलेल्या टेट रॅटलेजला तिथे तयार करावं? तो जॉर्जियात गार्ड होता. आणि कोऑर्डिनेटरपेक्षा हे मोठं संकट आहे असं मला एकट्यालाच वाटतंय का?

माझे बाबा सध्या चिंचवडहून आलेत. हे सगळं ऐकून म्हणाले, "वर्षाला सामने किती?" म्हटलं, सतरा. "आणि चर्चा बारा महिने?" यावर काही सुचलं नाही, म्हणून इथे आलो.

नेपरव्हिलचं अस्वल | ९ जुलै, रात्री ११:२५

नोव्हीकर, दु:ख विसरायला विषय बरा शोधलात. बेन जॉन्सन आमच्या शिकागो बेअर्सकडे आला हे मात्र त्याने बदलत नाही.

लाइन विकत मिळते हो. गेल्या मोसमात आमच्या क्वार्टरबॅकला, केलेब विल्यम्सला, ६८ वेळा आडवं पाडलं. मोजून ६८! मग मार्चमध्ये आमच्या लोकांनी काय केलं? कॅन्सस सिटीकडून जो थुनी आणला, अटलांटाचा सेंटर ड्रू डालमन उचलला आणि तुमच्याकडे पूर्वी असलेला जोना जॅक्सनही घेतला. महिन्याभरात मधले तिन्ही नवे. पण प्ले रचणारं डोकं बाजारात मिळत नाही. ते इतकी वर्षं तुमच्याकडे होतं, आता आमच्याकडे आहे.

आम्ही काय भोगलंय ते तुमच्याच मैदानावर घडलं. गेल्या थँक्सगिव्हिंगला हातात टाइमआउट शिल्लक, आणि आमचे कोचसाहेब घड्याळ संपताना बघत उभे. २३-२० ने गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांना नारळ. शंभरावर वर्षांच्या इतिहासात बेअर्सनी मोसम चालू असताना हेड कोच पहिल्यांदाच काढला. आणि एका मोसमात ४,००० यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक ज्यांना अजून मिळालेला नाही, अशी अख्ख्या लीगमध्ये आमची एकच टीम. यंदा तो डाग पुसणार. १४ सप्टेंबरला फोर्ड फील्डवर भेटू.

मॅडिसनची माई | १० जुलै, सकाळी ७:०५

अस्वलराव, दर जुलैत शिकागो सुपर बोल जिंकतं. मी या देशात आल्यापासून बघतेय.

तुमचा नवा कोच पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणाला की आमच्या पॅकर्सच्या कोचला, मॅट लफ्लरला, वर्षातून दोनदा हरवायला मजा यायची. अरे बाळा, हरवत होती ती लायन्सची टीम. आता बेअर्स घेऊन ये, मग मजा सांग.

नोव्हीकर, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि का ते सांगते. ५ डिसेंबरची लायन्सविरुद्धची गेम मी विसरलेले नाही. ३१-३१, मिनिटसुद्धा उरलेलं नाही, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), हवं एक यार्ड. शहाणा माणूस तिथे किक मारून तीन पॉइंट घेतो. लायन्सच्या हेड कोचने, डॅन कॅम्पबेलने, घेतले नाहीत. गॉफ चेंडू हातात देताना धडपडला, जवळजवळ बसलाच खाली, तरी चेंडू घेऊन धावणाऱ्या माँटगोमेरीने ते यार्ड काढलं. मग आरामात घड्याळ संपवून किक, ३४-३१. मी समोरची उशी टीव्हीवर फेकली होती.

आता गंमत बघा. सगळे म्हणतात ती कॅम्पबेलची छाती. असेल. पण चौथ्या डाउनला एक यार्ड हमखास मिळणार हे माहीत असलं की कोणाचीही छाती मोठी होते. ते यार्ड मधल्या तिघांच्या जोरावर मिळतं. यंदा तीच छाती आणि नवी माणसं. बघू.

७ सप्टेंबरला पहिलीच गेम आमच्याकडे, पॅकर्सच्या लॅम्बो मैदानावर आहे. या. टीमची एक मालकीण म्हणून आमंत्रण देते. ३०० डॉलरचा एक शेअर आहे माझ्याकडे. डिव्हिडंड नाही, विकता येत नाही, फक्त फ्रेम करून भिंतीवर लावता येतो. आमच्या ह्यांच्या मते मी केलेली ही सर्वांत वाईट गुंतवणूक आहे, आणि ह्यांनी क्रिप्टो घेतलंय.

बाणेरचा नवशिक्या | १० जुलै, सकाळी ९:३०

मी पुण्यात असतो. आमचा क्लायंट डेट्रॉइटचा, त्यामुळे मोसमात सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं लायन्सची असतात. त्यासाठी बघायला लागलो आणि फसलो. नोव्हीकरदादा, सेंटर म्हणजे चेंडू पायांमधून मागे देतो तोच ना? त्यात एवढं काय आहे?

जुना पाँटियाक | १० जुलै, दुपारी १२:५०

नवशिक्या, यष्टिरक्षक जसा प्रत्येक चेंडूला कामात असतो तसा सेंटर प्रत्येक प्लेला असतो. फरक एवढाच की याच्या नाकासमोर दीडशे किलोचा माणूस वाकून बसलेला असतो. चेंडू मागे देण्याआधी समोरची मांडणी वाचायची, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवरचा जादा हल्ला) कुठून येईल ते ताडायचं, समोरचा ‘माइक’, म्हणजे मधला लाइनबॅकर, कोणता ते बोट दाखवून सांगायचं. त्यावरून बाकीचे चौघे कोणी कोणाला अडवायचं ते ठरवतात. दुसऱ्याच्या मैदानावर लोक इतके ओरडतात की क्वार्टरबॅकचा आवाज हातभरसुद्धा पोचत नाही. मग सेंटर मान हलवतो, त्या मानेच्या तालावर सगळी लाइन सुटते. यंदाची पहिलीच गेम लॅम्बोला, नवा सेंटर, मानेचा ताल नवा. माई उगाच आमंत्रण देत नाहीयेत.

आता नोव्हीकर, तुमच्यासाठी जुनी गोष्ट. मी आलो तेव्हा टीम पाँटियाकला सिल्व्हरडोममध्ये खेळायची. चेंडू घेऊन धावणाऱ्या बॅरी सँडर्सचे दिवस. १९९७ मध्ये तो २,०५३ यार्ड धावला. त्याच्यापुढे सेंटर होता केव्हिन ग्लोव्हर, कित्येक वर्षांपासूनचा. मोसम संपल्यावर पैशांचा हिशेब मांडला आणि ग्लोव्हरला जाऊ दिलं. तो सिॲटलला गेला. १९९८ मध्ये बॅरी १,४९१ वर आला. ग्लोव्हरला सोडलं हे मनाला फार लागलं, असं बॅरीने पुढे स्वतः सांगितलं. आणि १९९९ च्या जुलैत, कॅम्पच्या तोंडावर, बॅरीने विचिटाच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला: निवृत्त होतोय. वॉल्टर पेटनचा कारकिर्दीत सर्वांत जास्त यार्ड धावण्याचा विक्रम अवघा १,४५७ यार्ड दूर होता. एका मोसमाचं काम! त्या सकाळी आमच्या प्लँटवर असेंब्ली लाइन चालू होती, पण काम कोणी करत नव्हतं.

फक्त सेंटर गेला म्हणून बॅरी गेला असं मी म्हणणार नाही. सतत हरून तो विटला होता. पण सेंटर जातो नि सेंटर येतो, असं कोणी म्हणालं की मला तो फॅक्स आठवतो.

त्यानंतर लायन्सचा कारभार पाहणाऱ्या मॅट मिलनसाहेबांनी जे केलं ते अस्वलरावांनी वाचावं. २००३, २००४, २००५, तिन्ही वर्षी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा! सजावट मोठी, पाया नाही. २००८ ला ०-१६. जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स आणि कॅम्पबेल २०२१ मध्ये आले तेव्हा दोघांनी पहिला खेळाडू कोण घेतला? पेनाय सुएल. टॅकल, लाइनच्या टोकाचा. टीव्हीवर ज्याचं नाव कोणी घेत नाही अशा जागेवरचा. तेव्हाच मी बायकोला म्हणालो की आता ही टीम बघण्यासारखी होणार. तिने विश्वास ठेवला नाही; तिचंही बरोबर होतं, त्या वर्षी तीनच गेम जिंकलो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ग्लॅस्गो सेंटरला, रॅटलेज उजव्या गार्डला, डाव्या गार्डला महोगनी. पोराला पहिल्याच वर्षी गार्डही शिक आणि सेंटरही शिक असं करू नये. आणि लाइनचा कोच हँक फ्रेली अजून इथेच आहे, तो स्वतः फिलाडेल्फिया ईगल्सचा सेंटर होता. तो गेला असता तर मी जेवलो नसतो.

चेरी हिलचा गरुड | १० जुलै, संध्याकाळी ६:१५

४०-२२. सुपर बोल. चालू द्या.

बरं, काही कामाचं बोलतो. आमचा सेंटर जेसन केल्सी मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला. रॅग्नोपेक्षा मोठं नाव. फिलाडेल्फिया रडलं, केल्सीही रडला. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही कॅन्सस सिटीला धुऊन ट्रॉफी आणली, सेंटरला कॅम जर्गन्स. तेव्हा काकांचा फॅक्स बाजूला ठेवा, सेंटर गेला म्हणून जग बुडत नाही.

माई, तुमच्या टीमने आमचा तो ढकलाढकलीचा प्ले बंद करायचा ठराव आणला होता ना? २४ मतं लागत होती, पडली २२. मालकीणबाईंनी जरा फोनाफोनी करायला हवी होती.

मॅडिसनची माई | १० जुलै, संध्याकाळी ६:४०

ज्यांना एका यार्डासाठी मागून धक्का लागतो त्यांच्याशी मी बोलत नाही.

नोव्हीकर | १० जुलै, रात्री १०:१०

गरुड, तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं झालं. जर्गन्सला तुम्ही २०२२ मध्ये घेतलंत, केल्सी खेळत असतानाच. दोन वर्षं तो केल्सीच्या शेजारी वाढला, त्यातलं एक वर्ष उजव्या गार्डला. म्हणजे वारस आधी, निवृत्ती नंतर. आमच्याकडे निवृत्ती आली जूनमध्ये, ड्राफ्ट होऊन गेल्यावर आणि बाजारातले चांगले सेंटर खपल्यावर. त्यातला डालमन तर अस्वलरावांच्याच घरी. रॅग्नोला दोष नाही, त्या शरीराने आणखी किती सोसायचं? पण रॅटलेजला मार्ग तोच, आधी गार्ड. काकांचा मुद्दा मान्य, यंदा ग्लॅस्गो.

अस्वलराव, जॉन्सनचं डोकं मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण लोक ज्यावर टाळ्या वाजवायचे ते त्याचे फसवे प्ले चालले, कारण आधी साधी धाव चालायची. गिब्स आणि माँटगोमेरी दर वेळी पाच-पाच यार्ड काढत होते, म्हणून समोरचे पुढे सरकायचे आणि मागे मैदान मोकळं व्हायचं. तुमचे मधले तिघे तसं करू शकले तर मी पुढच्या जुलैत इथे येऊन तुम्हाला नमस्कार करीन.

आमच्यासाठी एक चांगली बातमी आहेच, डिफेन्सचा एडन हचिन्सन परत येतोय. गेल्या ऑक्टोबरमध्ये डॅलसला पाय मोडला तेव्हा पाच गेममध्ये साडेसात सॅक (क्वार्टरबॅकला आडवं पाडणं) होते. तो असता तर वॉशिंग्टनने ४५ केले नसते असं मी मामाला मुंजीतच सांगितलं. मामा जिलबीकडे वळला.

नवशिक्या, ३१ जुलैला कॅन्टनला हॉल ऑफ फेमची गेम आहे, चार्जर्सविरुद्ध. कॅन्टन म्हणजे ओहायोतलं. आमचं इथलं, भारतीय वाणसामानाच्या दुकानांचं, ते वेगळं. पहिल्या फळीतले बहुतेक बाहेरच बसतील, तेव्हा त्या स्कोअरवरून क्लायंटला काही बोलू नकोस. ऑगस्टभर ग्लॅस्गोच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण उभं राहतंय ते बघ, आणि सोमवारी कॉलवर तेवढंच विचार. पुढची दहा मिनिटं तुला बोलावंच लागणार नाही.